रेघा वर की खाली

"तुमचं गाव कोणतं?" असं कुणी विचारलं की आमचे हे आधी चष्मा काढून पुसायचे आणि मग म्हणायचे, "फोटोत आहे." विचारणारा बिचारा कसनुसा हसून विषय बदलायचा. माझं मात्र डोकं फिरायचं. चारचौघांत माणसाने सरळ उत्तर द्यावं, नाहीतर गप्प बसावं! पण सरळ उत्तर त्यांच्याजवळ नव्हतंच. सासऱ्यांची बदलीची नोकरी, बिऱ्हाड कायम पाठीवर. ह्यांचा जन्म एकीकडे, शाळा तीन ठिकाणी, नोकरी आणखी भलतीकडे. काका-मामा सगळे पांगलेले. सुट्टी लागली की वर्गातली पोरं आपापल्या गावी जायची आणि हे भाड्याच्या खोलीच्या पायरीवर बसून राहायचे. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही हसत हसत. मी काही हसले नाही.

नोकरी त्यांची फोटो बघायची. लग्न ठरवायला माझे वडील गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय करता?" हे म्हणाले, "बघतो." "आणि मग?" "मग जे दिसलं ते लिहितो." वडील घरी येऊन आईला म्हणाले, "मुलगा सज्जन आहे. नुसतं बघायचा पगार मिळतो म्हणतो, पण मिळतो एवढं खरं."

सरकारला कुठे रस्ता, कालवा नाहीतर नवी वसाहत करायची झाली की विमानातून घेतलेले तिथले फोटो आधी ह्यांच्या खात्यात यायचे. त्यात सात-आठशे वर्षांपूर्वीच्या खुणा शोधायच्या. बुजलेले खंदक, पडक्या तटाचे पाये, जुनी शेतं, उठून गेलेली गावं. तिथे जाऊन उभं राहिलं तर काही म्हणता काही दिसत नाही, नुसतं गवत. पण वरून बघितलं की बुजलेल्या खंदकावरचं गवत जरा जास्त हिरवं आणि पुरलेल्या भिंतीवरचं लवकर वाळलेलं, अशा रेघा उमटतात. पावसाने ओढ दिली की त्या आणखी ठळक होतात. त्यामुळे एखादं वर्ष कोरडं गेलं, सगळं जग हवालदिल झालं, की आमचे हे खूश! मी म्हणायचे, "बाहेर तरी बोलू नका असं, लोक दगड मारतील."

ऑफिस तळघरात होतं. मी दोन-चारदा गेले असेन, हे चष्मा नाहीतर डबा घरी विसरले म्हणून. लांबलचक टेबलं, वर पांढऱ्या नळ्यांचा उजेड, भिंतीला लोखंडी कपाटं आणि कपाटांत पुठ्ठ्याच्या खोक्यांतून हजारो फोटो. माणसं माना घालून बसलेली. एखाद्याने बोलायला तोंड उघडलं तर बाकीचे दचकायचे. आणि ह्यांच्या शेजारच्या टेबलावर नन्ना.

नन्ना हे काही त्यांचं नाव नव्हे. कशालाही आधी "नाही" म्हणायचे, म्हणून सगळ्या ऑफिसने ठेवलेलं. नन्नाचा पाढाच तो. चहा घेणार का? नाही. मग दोन कप प्यायचे. ह्यांनी म्हणावं, हा खंदक आहे. नन्ना म्हणणार, नाही, ओढा आहे. दोघंही एकाच वर्षी नोकरीला लागलेले, एकमेकांना अरे-तुरे करणारे, आणि एक दिवस भांडले नाहीत तर दोघांनाही जेवण जात नसे. मला नन्ना "वहिनी" म्हणायचे. मी त्यांना भावोजी म्हणायचे आणि मनातल्या मनात आणखी बरंच काही.

आता ते भिंग. मेलं ते भिंग समजल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून सांगते. विमान पुढे जाता जाता लागोपाठ फोटो घेत जातं, त्यामुळे एकच जागा दोन फोटोंत येते, जरा वेगवेगळ्या बाजूंनी. ते दोन फोटो शेजारी शेजारी मांडायचे आणि वर बारक्या पायांचं, दोन काचांचं भिंग ठेवायचं. डाव्या डोळ्याने डावा फोटो, उजव्याने उजवा. बघता बघता दोन्ही एक होतात आणि जमीन उठून उभी राहते. झाडं वर येतात, खड्डे खाली जातात. पण त्याला दोन्ही डोळे धड लागतात. आणि डावा फोटो उजवीकडे ठेवला गेला की सगळं उलटंपालटं. खड्ड्याचा डोंगर आणि डोंगराचा खड्डा.

नन्नांनी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हे केलं होतं. फोटो उलटे मांडले आणि 'नदी डोंगरमाथ्यावरून वाहते' असा अहवाल लिहून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. निवृत्त होईपर्यंत लोक विचारत होते, "काय नन्ना, उतरली का नदी खाली?" आमचे हे तर जाता-येता विचारायचे. स्वतः त्यांनी डाव्या-उजव्याचा विचार कधी केलाच नाही. पत्ते टाकावेत तसे फोटो टाकायचे, भिंगातून बघायचे, उलटं दिसलं की अदलाबदल. काठावरचे नंबर वाचायची त्यांना गरज पडत नसे.

लग्नानंतर त्यांनी मलाही शिकवायचा घाट घातला होता. मी आपली डोळे फाडफाडून बघते, तर मला आपले दोनच फोटो दिसतायत. हे मागून विचारतायत, "आलं का वर? आलं का?" शेवटी मी म्हटलं, "वर काय यायचंय, स्टोव्हवर दूध वर येतंय," आणि उठले. त्यानंतर त्यांनी आग्रह केला नाही. घरात एकाने बघितलं तरी पुष्कळ झालं, म्हणायचे.

तर ते कुरण. शहराबाहेर एक मोकळं कुरण होतं आणि तिथे गोदामं बांधायची होती. त्याचे एकूण तीन फोटो घेतलेले, एकामागून एक. ह्यांच्या हातात फक्त मधला आला. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही गहाळ. फिल्म कोठीत भिजून एकमेकीला चिकटली होती, तिथूनही काही निघेना. त्यातून फोटो भर दुपारचा. सूर्य डोक्यावर, सावलीचा पत्ता नाही. सावली असती तर एका फोटोवरूनही उंच-सखल कळलं असतं. ह्या फोटोत नुसत्या रेघा होत्या. मधून एक लांब, एका जागी वळलेली, आणि तिला दोन्ही बाजूंनी येऊन मिळणाऱ्या आखूड आखूड. कोपऱ्यात एक काळा ठिपका. बस्स.

आता प्रश्न एवढाच की रेघा वर की खाली. वर असतील तर ते बांध, म्हणजे जुनी शेतं. खाली असतील तर त्या माणसांच्या पावलांनी झिजून खोल गेलेल्या वाटा, आणि मधले चौकोन म्हणजे घरांच्या जागा. म्हणजे गाव. नांदतं गाव, कधीतरी साथीने नाहीतर उपासमारीने उठून गेलेलं, ज्याचं नावही कुणाला माहीत नाही.

हे म्हणाले, गाव. नन्ना म्हणाले, नाही.

"अरे, शेताला इतक्या वाटा कशाला लागतात?"

"वाटा नाहीतच त्या, बांध आहेत. दाखव बघू खाली गेलेल्या."

आणि दाखवता तर येत नव्हतं. जोडी कुठे होती? साहेबांना गोदामांची घाई. नन्नांचं म्हणणं सोयीचं होतं, तेच कागदावर चढलं. गाव असतं तर आधी उकरून बघावं लागलं असतं. यंत्रं आली, कुरण सपाट झालं, वर सिमेंट पडलं. आता तिथे जाऊन विचारावं तर कुणाला? राहिला तो एक फोटो.

दुसरा कुणी असता तर विसरला असता. ह्यांनी त्या फोटोची प्रत मागून घेतली आणि घरी टेबलाच्या काचेखाली ठेवली. आमच्या दोन खोल्या, खाली छापखाना, दिवसभर यंत्राची धडधड. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. त्या खिडकीशी टेबल आणि काचेखाली हे कुरण. मी तिथे भाजी निवडायला बसले की हे येऊन बोट ठेवायचे, "हे आपलं घर. वळणापासून तिसरं."

"भाडं किती?" मी विचारायचे.

"भाडं कसलं? आपलंच गाव आहे."

"नळाला पाणी येतं का पण?"

थट्टाच होती आमची. पण मला कळत होतं. माणसाला कुठून तरी आलेलं असावं लागतं. ह्यांना कुणी कुठलं ठेवलं नव्हतं, तर ह्यांनी आपलं गाव आपणच शोधलं. आणि त्यावर नन्ना जाता-येता म्हणायचे, "शेतात राहतो हा, उघड्यावर!" मग हे चिडायचे, मग दोघं हसायचे. पण ह्यांचं हसू जरा आधी संपायचं.

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने ह्यांना त्यांचं भिंगच भेट दिलं, त्याच्या लाकडी पेटीसकट. आता सगळं कॉम्प्युटरवर आलं होतं, कुणाला नको होतं ते. नन्नाही त्याच वर्षी निवृत्त झाले आणि मुलाकडे राहायला गेले, एका दिवसाच्या प्रवासाइतके लांब. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून येणं-जाणंही बंद झालं. भांडण फोनवर चालू राहिलं.

मग एक दिवस ह्यांनी चहा ओतला तो कपाबाहेर. मी ओरडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जिन्याची शेवटची पायरी चुकली, किल्ली कुलुपाच्या बाजूला टोचत बसले. मला वाटलं, म्हातारपण. म्हटलं, "लक्ष कुठे असतं हो तुमचं?" शेवटी मीच हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने ह्यांच्या डाव्या डोळ्यात उजेड टाकला आणि बराच वेळ बघत राहिला. आतल्या पडद्याची शीर बंद झाली होती. म्हणाला, हा डोळा आता गेल्यातच जमा, दुसऱ्याला जपा. एका डोळ्याने सगळं दिसतं, फक्त जवळ-लांबचा अंदाज येत नाही, सवय होईल हळूहळू.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "नन्नाला सांगायचं नाही."

"का? ते काय खाणारेत तुम्हाला?"

"सांगायचं नाही म्हटलं ना."

उभ्या जन्मात माझ्यावर आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी रस्त्यात चढवला. घरी येऊन भिंग पेटीत घातलं आणि पेटी कपाटावर ठेवून दिली. आयुष्यभर ज्याच्या जिवावर जेवलो ते गेलं, असं एकदाही बोलले नाहीत. मी मात्र न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं.

ती पेटी मीच खाली काढली. धूळ पुसायला. आत तळाला हिरव्या कापडाचं अस्तर होतं, त्याला कसर लागलेली. म्हटलं, हे काढून नवीन लावू. कापड ओढलं तर खाली एक जाड कागद चिकटवलेला, तळाच्या मापाचा कापून. सुरीने सोडवला आणि उलटा केला, तर फोटो. गवत आणि रेघा.

मी हाक मारली, "अहो, हे बघा काय."

हे आले. कागद हातात घेतला, उजव्या डोळ्याजवळ नेला. आणि खुर्ची ओढून बसले. "हे कुरण आहे," म्हणाले. "अगं, आपलं कुरण आहे हे." कधीकाळी कोणी तरी रद्दीतले फोटो कापून पेट्यांना अस्तर लावलं असणार, खात्यात असल्या काटकसरी चालायच्या. इतकी वर्षं ज्या भिंगाने बघत होते त्याच्याच खाली तो पडून होता, आणि आता सापडला तर बघायला डोळा नाही! मला इतका राग आला, कुणाचा ते मलाच कळेना.

त्यांनी काचेखालचा फोटो काढला. नवा तुकडा त्याच्या शेजारी ठेवला. "नंबर कापला गेलाय," पुटपुटले, "आधीचा की नंतरचा..." पण हात थांबले नाहीत. बोटांना सवयच होती. मोठा डावीकडे, तुकडा उजवीकडे, रेघेशी रेघ जुळवली, वर भिंग ठेवलं. मग स्वतः वाकून बघितलं. बराच वेळ. काय दिसणार? उजव्या डोळ्याला उजवा फोटो दिसला असेल, सपाट. मान वर करून म्हणाले, "तू बघ."

"मी? मला कुठे येतंय?"

"येईल. ये, बस."

मग तीन-चार दिवस माझी शिकवणी. आधी शहराचे जुने दोन फोटो, त्यांच्या संग्रहातले, कायमचे शेजारी शेजारी चिकटवून ठेवलेले. मला आपले दोनच दिसायचे. हे म्हणायचे, "जवळ बघू नकोस. लांब बघितल्यासारखं कर. डोळे सैल सोड." मी म्हणायचे, "डोळे म्हणजे काय नाडी आहे सैल सोडायला!" भांडलो, कंटाळले, उठून गेले, परत येऊन बसले. कारण ते माणूस खुर्चीच्या कडेवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होतं. लहान पोरं दुकानाच्या काचेतून बघतात तसं.

आणि एका दुपारी ते आलं. दोन फोटो सरकत सरकत एकमेकांवर गेले आणि एकदम घरं उभी राहिली. "अगं बाई!" मी ओरडलेच. "केवढाल्या इमारती! हात लावला तर लागेल!" हे टाळी वाजवून हसले. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत हसायचे तसे. एवढ्या वर्षांत ते रोज हे बघत होते आणि मी चेष्टा करत होते. पण त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून बघितलं, आणि मला फार बरं वाटलं.

मग कुरणाची जोडी समोर ठेवली. मी वाकले. डोळे सैल सोडले. आधी धूसर, मग हळूहळू जमीन जुळून आली.

"दिसतंय?" ह्यांचा आवाज अगदी माझ्या कानाशी.

"दिसतंय."

"रेघा बघ. मधली लांब. वर आहे की खाली?"

मी नीट बघितलं. पुन्हा बघितलं. मला उत्तर माहीत होतं, त्यांना कोणतं हवंय ते. एक शब्द तर बोलायचा होता. पण ते इतका विश्वास टाकून बसले होते की मला खोटं बोलवेना. ज्या माणसाने जन्मभर जे दिसलं तेच लिहिलं, त्याला मी न दिसलेलं कसं सांगू?

"वर," मी म्हटलं.

"आखूड रेघा?"

"त्याही वर. मधले चौकोन खाली आहेत." मी आणखी सांगत राहिले. "आणि कोपऱ्यात विहीर आहे. खोल आहे चांगली."

"असेल," ते म्हणाले.

मी डोळे वर केले तेव्हा ते खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत होते. चष्मा हातात, पण पुसत नव्हते. मग म्हणाले, "बांधच होते म्हणजे. बरं झालं, कळलं एकदाचं."

संध्याकाळी नन्नांना फोन लावला. मी शेजारीच उभी होते. "तू जिंकलास," म्हणाले. "जोडी सापडली. हो, मी बघितलं ना. मी स्वतः बघितलं. बांध आहेत." तिकडून नन्नांचं "नाही, नाही, थांब, असं कसं..." मला इथपर्यंत ऐकू येत होतं. जन्मात पहिल्यांदा नन्ना स्वतःच्याच बाजूच्या गोष्टीला नाही म्हणत होते. ह्यांनी "ठेवतो" म्हणून फोन ठेवला.

काचेखाली परत फोटो गेला नाही. दोन्ही कागद पेटीत, पेटी कपाटावर. त्यानंतर त्यांचं काही दुखलं-खुपलं नाही, निदान सांगितलं नाही. जेवायचे, वर्तमानपत्र चाळायचे, छापखान्याच्या आवाजाबद्दल कुरकुरायचे. पण एकदा मी भाजी निवडता निवडता काचेच्या रिकाम्या जागी बोट ठेवून म्हटलं, "काय हो, वळणापासून तिसरं ना?" तर उठून आतल्या खोलीत निघून गेले. परत मी ती थट्टा केली नाही.

थंडीत छातीत कळ आली. इस्पितळात नेलं तर दारातल्या टेबलावरची मुलगी फॉर्म भरत होती. नाव, वय, पत्ता. मग तिने विचारलं, "मूळ गाव?" मी ह्यांच्याकडे बघितलं. स्ट्रेचरवर पडून होते, नाकाला नळी. मला वाटलं, आता चष्मा शोधतील, म्हणतील फोटोत आहे. ते म्हणाले, "नाही." मुलगी म्हणाली, "नाही म्हणजे, काका?" "गाव नाही," ते म्हणाले. तिने तिथे एक आडवी रेघ मारली. दोन दिवसांनी गेले.

नन्ना आले ते बऱ्याच दिवसांनी, काठी टेकत, मुलाला खाली गाडीत बसवून. जिना चढायला त्यांना किती वेळ लागला असेल देव जाणे. आले आणि ह्यांच्या खुर्चीसमोर बसले. चहा विचारला तर "नाही" म्हणाले, आणि मी केला, आणि त्यांनी दोन कप घेतले. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "वहिनी, एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तो फोनवर म्हणाला, मी स्वतः बघितलं. मला इतकं वाईट वाटलं, काय सांगू. मी त्या भांडणात कधी जिंकावं असं मला वाटतच नव्हतं."

मी म्हटलं, "भावोजी, त्यांनी नाही बघितलं. त्यांचा डावा डोळा गेला होता. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं."

नन्नांचा कप खाली ठेवता ठेवता थांबला. "डोळा गेला होता? मग बघितलं कुणी?"

"मी."

नन्ना काठी घेऊन उठले. "कुठे आहे जोडी?"

मी पेटी काढली. ह्यांनी मांडलं होतं तस्संच मांडलं, मोठा डावीकडे, तुकडा उजवीकडे, रेघेशी रेघ. नन्ना भिंगावर वाकले. खालच्या यंत्राची धडधड चालू होती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "हे झाड खड्ड्यात कसं गेलंय?"

"झाड नाही ते, विहीर आहे. कोपऱ्यात ना? मी ह्यांना सांगितलं होतं."

"सांगितलं होतं? त्याला?" नन्नांनी मान वर केली. "मग काय म्हणाला तो?"

"असेल, म्हणाले."

"वहिनी, ते झाड आहे. आम्ही दोघांनी शेकडो वेळा बघितलंय, त्यावर आमचं कधीच भांडण नव्हतं. नव्या पोरालाही कळेल, झाड खड्डा झालं की फोटो उलटे मांडलेत म्हणून." त्यांचा आवाज फाटला. "आणि त्याला नाही कळलं! मला जन्मभर नदीवरून चिडवणाऱ्याला नाही कळलं!"

त्यांना का नाही कळलं, ते मला कळलं. मी "वर" म्हटल्यावर पुढचं त्या माणसाच्या कानात शिरलंच नव्हतं.

नन्नांनी भिंग उचललं, तुकडा डावीकडे घेतला, मोठा फोटो उजवीकडे. पुन्हा वाकले. आणि तसेच वाकलेले राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं, म्हातारा रडतोय. "हरलो रे," एवढंच म्हणत होते, "अरे, हरलो ना मी. सांग ना सगळ्यांना." भिंगाच्या काचेवर पाणी पडलं होतं. मी पदराने पुसलं.

मग ते बाजूला झाले आणि मी बसले. डोळे सैल सोडले. ह्या वेळी वेळ लागला नाही. कोपऱ्यातलं झाड आधी वर आलं, चांगलं डेरेदार. मग मधली वाट खाली गेली, माणसं आणि गुरं जाऊन जाऊन खोल झालेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी लहान लहान वाटा, आणि मध्ये घरांच्या जागा, एकेक ओट्यासारखी उचललेली. मी वळण शोधलं. एक, दोन, तीन.

"अहो," मी म्हटलं. तोंडातून गेलंच. "खाली आहेत हो रेघा. गाव आहे."

नन्ना मागे काठीवर उभे होते. माझे डोळे भरून आले तसे दोन्ही फोटो पुन्हा वेगळे झाले, तिसरं घर दोन ठिकाणी गेलं, आणि मग काहीच दिसेना. मी डोळे पुसले आणि पुन्हा भिंगावर वाकले.